बोट्स्वानातील हिऱ्यांचा पैलूकाम उद्योग

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील बोट्स्वाना या देशात, तेथील खाणींतून निघणाऱ्या कच्च्या हिऱ्यांना देशातच पैलू पाडण्याचा व झिलई देण्याचा उद्योग. राजधानी गाबोरोने हे त्याचे मुख्य केंद्र होय. मूल्याच्या दृष्टीने बोट्स्वाना हा रशियाच्या जोडीने जगातील अग्रेसर हिरे-उत्पादक देश गणला जातो. तथापि खाणी सुरू झाल्यानंतर दीर्घकाळ तेथील हिरा हा केवळ बाहेर पाठवावयाचा माल होता. पैलूकामाचा पहिला कारखाना १९८० च्या सुमारास निघाला आणि पुढील पंचवीस वर्षे हा उद्योग नाममात्रच राहिला. २००६ नंतर तो झपाट्याने वाढला. या वाढीमागे कारागिरीची परंपरा नव्हती, तसेच स्वस्त मजुरीही नव्हती. खाणपट्ट्याच्या नूतनीकरणाच्या वेळी शासनाने केलेल्या वाटाघाटी हे तिचे कारण होते. या उद्योगाचे सामर्थ्य आणि त्याची दुर्बलता या दोहोंचे मूळ तेथेच आहे.

हिरे जेथे सापडतात तेथे ते सहसा घडविले जात नाहीत. प्राचीन व मध्ययुगीन भारत हा या नियमाला मोठा अपवाद होता. सतराव्या शतकात गोवळकोंडा भागातील खाणी पाहणारा फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये याने रावळकोंडा येथील खाणीवरच हिरे घासणारे अनेक कारागीर असल्याची नोंद केली आहे. पुढे मात्र अँटवर्प, ॲम्स्टरडॅम, न्यूयॉर्क, तेल आव्हीव्ह व सुरत ही पैलूकामाची जी मोठी केंद्रे झाली, त्यांपैकी एकाच्याही परिसरात हिऱ्याची उल्लेखनीय खाण नाही. हिरा वजनाने नगण्य व किमतीने प्रचंड असल्याने त्याच्या वाहतुकीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. लोखंडाचा कारखाना खनिजाजवळ काढावा लागतो. हिऱ्याच्या बाबतीत असे बंधन नाही. तो जेथे कारागीर, भांडवल व बाजार असेल तेथे जातो. [→ हिरा].

ऐतिहासिक पार्श्वभूमी : बेचुआनालँड हे ब्रिटिश संरक्षित राज्य ३० सप्टेंबर १९६६ रोजी बोट्स्वाना या नावाने स्वतंत्र झाले, तेव्हा त्याची गणना जगातील अत्यंत दरिद्री देशांत होत असे. गुरे पाळणे आणि दक्षिण आफ्रिकेतील खाणींवर मजुरीस जाणे, हीच बहुसंख्य लोकांची उपजीविकेची साधने होती. डी बीअर्स कंपनीचे भूवैज्ञानिक १९५५ पासून या प्रदेशात शोध घेत होते. मोट्लाउट्से नदीच्या कोरड्या पात्रात काही हिरे सापडले होते, पण त्यांचा उगम सापडत नव्हता. गॅव्हिन लॅमाँट या भूवैज्ञानिकाने असे अनुमान केले की, भूकवचाच्या उंचावण्यामुळे या नदीचा वरचा प्रवाह फार पूर्वी तोडला गेला असावा आणि हिऱ्यांचा मूळ खडक आजच्या उगमाच्याही पलीकडे, पश्चिमेस असावा. त्यानुसार शोध घेता १९६७ मध्ये ओरापा येथे किंबर्लाइट खडकाचा प्रचंड नळ सापडला. भूपृष्ठावर त्याचे क्षेत्रफळ सु. ११८ हेक्टर आहे.

ओरापाची भूमी बामांग्वाटो जमातीच्या प्रदेशात होती आणि देशाचे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या वंशपरंपरागत प्रमुखांच्या घराण्यातील होते. १९६७ च्या खाणकायद्यान्वये जमातींचे खनिजांवरील हक्क राष्ट्राकडे वर्ग करण्यात आले. ज्या जमातीच्या जमिनीत हिरे निघाले होते, तिच्याच नायकाने हा निर्णय घडवून आणला, ही गोष्ट आफ्रिकेच्या खनिज-इतिहासात विरळा म्हणावी लागेल. अन्यत्र हिऱ्यांवरून जी यादवी युद्धे झाली, त्यांपासून हा देश वाचला, त्याचे बरेचसे श्रेय या निर्णयास द्यावे लागते. ओरापाची खाण १९७१ मध्ये सुरू झाली. खाणकंपनीत शासनाचा वाटा आरंभी १५ टक्के होता; १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर नेण्यात आला. डेब्स्वाना या नावाने ही कंपनी पुढे ओळखली जाऊ लागली. वालुकामय कालाहारीच्या दक्षिण भागातील ज्वानेंग येथील खाणीचे १९८२ मध्ये उद्‌घाटन झाले. मूल्याच्या दृष्टीने ती जगातील सर्वांत संपन्न हिऱ्यांची खाण समजली जाते. कर, स्वामित्वशुल्क व लाभांश या तिन्ही मार्गांनी डेब्स्वानाच्या नफ्याचा सु. चार-पंचमांश भाग शासनास मिळू लागला आणि त्यातून रस्ते, शाळा व रुग्णालये उभी राहिली.

उत्पन्न मिळाले, परंतु रोजगार मिळाला नाही. उघड्या खाणीत अवजड यंत्रेच बहुतेक काम करतात; अब्जावधी डॉलरांचे उत्पादन करणाऱ्या खाणींना काही हजार माणसे पुरतात. बेकारी मात्र सातत्याने मोठी राहिली. शिवाय खाण ही केव्हातरी संपणारी वस्तू आहे. म्हणून खाणीच्या हयातीतच तिच्या आधाराने दुसरा उद्योग उभा करावा, हा विचार मूळ धरू लागला.

पहिले प्रयत्न : कच्च्या हिऱ्यांची प्रतवारी व मूल्यनिर्धारण ही कामे देशात प्रथम आली. गाबोरोने येथील ओरापा हाउस ही इमारत याच कामासाठी बांधण्यात आली. हिऱ्याचा रंग पारखण्यास थेट ऊन चालत नाही, स्थिर व पसरलेला उजेड लागतो. मकरवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या गाबोरोने येथे माध्यान्हीचा सूर्य बाराही महिने उत्तरेस असतो. त्यामुळे यूरोपातील पारखी जसे उत्तरेच्या खिडकीशी बसत, तसे येथे दक्षिणेच्या उजेडावर विसंबावे लागते. स्वतःच्या मालाची किंमत स्वतः ओळखता येणे, हा या प्रतवारीचा खरा लाभ होता. पुढील वाटाघाटींत शासनाच्या हाती जे ज्ञान होते, ते येथेच कमावलेले होते.

पैलूकामाचा पहिला कारखाना १९८० च्या सुमारास गाबोरोने येथे सुरू झाला. १९९० नंतरच्या काही वर्षांत मोलेपोलोले येथे एका अमेरिकन कंपनीच्या सहभागाने आणि सेरोवे येथे डी बीअर्सच्या पुढाकाराने आणखी कारखाने निघाले. सेरोवेच्या कारखान्याचे ‘टीमाने’ हे नाव त्स्वाना भाषेतील ‘हिरा’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. या कारखान्यांना फारसे यश मिळाले नाही. कामगार नवशिके होते, शिकलेले टिकत नव्हते आणि देशात निघालेला माल लंडनला जाऊन, तेथे मिश्रित होऊन, मग पुन्हा कारखान्याकडे येत असे. डी बीअर्सची मध्यवर्ती विक्री संघटना सर्व खाणींचा माल लंडन येथे एकत्र करून, त्याच्या ठराविक प्रतींच्या पेट्या निवडक खरेदीदारांना वर्षातून दहा वेळा विकत असे. या व्यवस्थेत बोट्स्वानाचा हिरा बोट्स्वानाचा म्हणून ओळखताच येत नव्हता. खाणमालक कंपनी आणि परदेशी सल्लागार या दोहोंचे मत, येथे हे काम परवडणार नाही, असेच होते. त्यांचा हिशेब खोटा नव्हता. मात्र तो केवळ मजुरीचा हिशेब होता.

कामाचे स्वरूप व खर्च : कच्चा हिरा प्रथम तपासून त्यात कोणता आकार बसवावयाचा, हे ठरवितात. पूर्वी हे काम भिंगाने व अनुभवाने होई. आता संगणकावर हिऱ्याची त्रिमितीय प्रतिमा घेऊन दोष टाळणारा आराखडा काढतात. नंतर हिरा कापतात. पूर्वी त्यासाठी हिऱ्याची भुकटी लावलेली फॉस्फर-ब्राँझची पातळ चकती वापरीत, आता लेसर किरण वापरतात. मग दोन हिरे एकमेकांवर घासून कडेला गोलाई आणतात आणि शेवटी तेल व हिऱ्याची भुकटी लावलेल्या, वेगाने फिरणाऱ्या बिडाच्या चाकावर एकेक पैलू घासून काढतात. सुरतेकडे या चाकाला ‘घंटी’ म्हणतात. या सर्व कामांत मूळ वजनाचा निम्म्याहून अधिक भाग बहुधा नष्ट होतो. शेवटचा एक पैलू अर्धा अंश चुकला, तरी हिऱ्याचे तेज उतरते. म्हणून या धंद्यात कुशल हात तयार होण्यास वर्षे लागतात आणि अकुशल हाताची किंमत मजुरीपेक्षा मालाच्या नुकसानीत मोजावी लागते.

बोट्स्वानात एका कॅरटमागे पैलूकामाचा खर्च भारताच्या कित्येक पट येतो. पण हा खर्च हिऱ्याच्या आकारमानानुसार निरनिराळ्या रीतीने भासतो. चार-पाच सेंटच्या (एक सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) बारीक हिऱ्यालाही मोठ्या हिऱ्याइतकेच, म्हणजे ५७ किंवा ५८ पैलू पाडावे लागतात. त्याच्या किमतीचा मोठा भाग मजुरीतच जातो. एक-दोन कॅरटच्या चांगल्या हिऱ्यावर मात्र मजुरी ही किमतीच्या मानाने किरकोळ असते. साहजिकच बारीक व तपकिरी माल सुरतेस जातो आणि गाबोरोनेचे कारखाने मोठ्या मालावरच चालू शकतात. देशातील एकूण उत्पादनापैकी स्थानिक कारखान्यांना परवडणारा भाग त्यामुळे मर्यादित राहतो. ‘आमचे सर्व हिरे आम्हीच घासू’ ही घोषणा राजकारणात आकर्षक असली, तरी व्यवहारात ती शक्य नाही.

भारताशी तुलना येथे उद्बोधक ठरते. भारतातील आधुनिक उद्योग खाणीविना वाढला. मुंबईचे व्यापारी, त्यांत विशेषतः पालनपूरकडील जैन कुटुंबे, परदेशातून स्वस्त व दुय्यम माल आणीत आणि सुरतेतील कारागीर तो घासून देत. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाणीतून निघू लागलेला लहान व तपकिरी हिऱ्यांचा प्रचंड साठा यूरोपातील कारागिरांना परवडण्यासारखा नव्हता. तो भारतीयांनी उचलला. आज जगातील पैलूदार हिऱ्यांपैकी संख्येने दहांतील सु. नऊ हिरे भारतात घडतात. म्हणजे भारताकडे हात होते, माल नव्हता. बोट्स्वानाकडे माल होता, हात नव्हते. हातांपाशी माल नेणे सोपे, मालापाशी हात आणणे कठीण.

२००६ चा करार आणि विस्तार : ज्वानेंगच्या खाणपट्ट्याची मुदत संपत आली, तेव्हा शासनाने नूतनीकरण व पैलूकाम हे दोन प्रश्न एकत्र जोडले. त्यावेळी फेस्टस मोगाए हे अध्यक्ष होते. डी बीअर्सच्या एकूण मालापैकी मूल्याने फार मोठा हिस्सा एकट्या बोट्स्वानातून येत असल्याने कंपनीला नकार देणे अवघड होते. शिवाय, शासन २००१ पासून मूळ डी बीअर्स कंपनीतही १५ टक्क्यांचे भागधारक होते. २००६ मध्ये झालेल्या करारान्वये पट्ट्याचे २५ वर्षांसाठी नूतनीकरण झाले आणि त्याबरोबर शासन व डी बीअर्स यांच्या समान भागीदारीत ‘डायमंड ट्रेडिंग कंपनी बोट्स्वाना’ ही कंपनी स्थापन करण्यात आली. प्रतवारी करणे आणि देशात कारखाना काढणाऱ्यांनाच कच्चा माल विकणे, ही तिची कार्ये होत. तिच्या गाबोरोने येथील इमारतीचे उद्‌घाटन मार्च २००८ मध्ये झाले. प्रतवारीची एवढी मोठी वास्तू जगात अन्यत्र नव्हती.

आरंभी १६ कंपन्यांची निवड झाली. त्यांत अँटवर्प, तेल आव्हीव्ह व न्यूयॉर्क येथील जुन्या पेढ्यांबरोबर भारतीय कंपन्याही होत्या. गाबोरोनेच्या कारखान्यांत मुंबई-सुरतेकडील कारागीर प्रशिक्षक म्हणून गेले आणि त्यांच्या हाताखाली त्स्वाना तरुण-तरुणी घंटीवर बसू लागल्या. कामगारांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. २००८ पर्यंत कामगारसंख्या तीन हजारांच्या आसपास पोहोचली. सु. २३ लाख (२०२२) लोकवस्तीच्या देशात हा आकडा दिसतो त्याहून मोठा आहे.

या कंपन्या बोट्स्वानात मजुरीसाठी आल्या नव्हत्या. चांगला कच्चा माल नियमित व ठराविक दराने मिळणे हे या धंद्यात दुर्मीळ भाग्य समजले जाते. त्यासाठी कारखान्यातील थोडा तोटाही सोसण्याची व्यापाऱ्याची तयारी असते. असा माल न घासता दुय्यम बाजारात विकला, तरी अनेकदा नफा होतो. म्हणून नेमून दिलेला माल देशातच घासला पाहिजे, अशी अट शासनास घालावी लागली. शेजारच्या नामिबियाने २००७ मध्ये याच धर्तीचा करार केला. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी कच्च्या हिऱ्यांच्या निर्यातीवर ५ टक्के कर बसविण्याचा कायदा केला. कर लावून माल अडविण्यापेक्षा विक्रीच हाती घेण्याचा बोट्स्वानाचा मार्ग अधिक परिणामकारक ठरला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तो मार्ग ज्याच्यापाशी ज्वानेंगसारखी खाण आहे, त्यालाच मोकळा असतो.

उद्योग सुरू होतो न होतो, तोच २००८ च्या जागतिक आर्थिक मंदीचा तडाखा बसला. २००९ च्या आरंभी डेब्स्वानाला खाणी काही आठवडे बंद ठेवाव्या लागल्या आणि कारखान्यांतून कामगार कमी करण्यात आले. त्यातून सावरल्यावर २०११ मध्ये शासनाने डी बीअर्सबरोबर दहा वर्षांचा विक्री-करार केला. त्यानुसार सर्व देशांतील खाणींचा माल एकत्र करण्याचे व विकण्याचे काम लंडनहून गाबोरोनेस हलविण्यात आले. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे पहिली आंतरराष्ट्रीय विक्री भरली. पूर्वी ज्या मालाची लंडनमध्ये वाट पाहावी लागे, त्यासाठी आता जगभरचे खरेदीदार कालाहारीच्या काठावर येऊ लागले. २०१२ मध्ये स्थापन झालेली ‘ओकावांगो डायमंड कंपनी’ ही शासकीय कंपनी डेब्स्वानाच्या उत्पादनाचा एक हिस्सा स्वतंत्रपणे लिलावाने विकू लागली. हा हिस्सा आरंभी १० टक्क्यांच्या आसपास होता. २०२० मध्ये तो २५ टक्के झाला.

अडचणी : विक्रीचे केंद्र आले, म्हणून कारखाने टिकले असे नाही. २०१४-१५ मध्ये अनेक कारखाने बंद पडले किंवा त्यांनी कामगार कमी केले. याचे एक कारण भांडवलाचे आहे. कच्चा हिरा रोखीने घ्यावा लागतो आणि पैलूदार हिरा महिनोन्‌महिन्यांच्या उधारीवर विकावा लागतो. मधले अंतर बँका भरून काढीत. अँटवर्प डायमंड बँकेचा कारभार गुंडाळण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेने २०१६ मध्ये हिरे-व्यवसायास कर्जे देणे थांबविण्याचे ठरविले. कच्च्या मालाचे दर चढे आणि पैलूदार मालाचे उतरते, अशा कात्रीत सापडलेल्या कंपन्यांनी आपले सर्वांत महागडे कारखाने प्रथम बंद केले. गाबोरोनेचे कारखाने त्यांत होते. परवान्याच्या ओढीने आलेले भांडवल संकटकाळी परत जाते, हे त्यावेळी दिसून आले. पगार थांबलेल्या कामगारांना त्याच कौशल्याचे दुसरे काम देशात मिळण्याजोगे नव्हते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. जगात दरवर्षी निघणाऱ्या कच्च्या हिऱ्यांची किंमत २०१० नंतरच्या दशकात सु. १५ अब्ज डॉलर होती, तर हिऱ्यांच्या दागिन्यांची विक्री ७० ते ८० अब्ज डॉलरांच्या घरात होती. तथापि मधल्या पैलूकामात पडणारी भर लहान आहे आणि नफा तर फारच थोडा. मोठी भर दागिने घडविण्यात, नाममुद्रेत व किरकोळ विक्रीत पडते आणि त्या गोष्टी ग्राहकाच्या देशात घडतात. बोट्स्वानाने साखळीतील नेमकी सर्वांत कमी नफ्याची, परंतु सर्वांत अधिक हातांना काम देणारी कडी निवडली. रोजगार हाच हेतू असल्याने ही निवड चुकीची ठरत नाही. पण तिच्यामुळे शासनाचा महसूल वाढेल, ही अपेक्षा फोल होती.

मोठ्या हिऱ्यांच्या बाबतीत वेगळा प्रयोग झाला. २०१२ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झालेल्या करोवे खाणीतून २०१५ मध्ये १,१०९ कॅरटचा ‘लेसेदी ला रोना’ (त्स्वाना भाषेत ‘आमचा प्रकाश’) आणि २०२४ मध्ये २,४९२ कॅरटचा हिरा निघाला. या खाणीतील १०.८ कॅरटहून मोठ्या हिऱ्यांची किंमत २०२० पासून त्यातून निघणाऱ्या पैलूदार हिऱ्याच्या अंदाजित किमतीवरून ठरविण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. घडणीतील वाढीचा काही भाग त्यामुळे खाणीकडे परत येऊ लागला. घडणीचा करार मात्र अँटवर्पच्या कंपनीशी झाला होता.

अलीकडील घडामोडी : प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यांनी २०१८ नंतर बाजाराचे स्वरूप पालटले. रासायनिक दृष्ट्या ते खरेच हिरे असल्याने आणि त्यांचे भाव सतत उतरत गेल्याने, विशेषतः अमेरिकेतील साखरपुड्याच्या अंगठ्यांतील एक ते दोन कॅरटच्या हिऱ्यांची मागणी त्यांनी ओढून घेतली. गाबोरोनेच्या कारखान्यांना परवडणारा माल नेमका याच आकाराचा. डेब्स्वानाचे उत्पादन २०२३ मध्ये सु. २.४६ कोटी कॅरट होते. ते २०२४ मध्ये सु. १.८ कोटी कॅरटवर आणावे लागले. शासनाचा महसूल घटला. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे देशात सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करण्याची वेळ आली.

अशा पडत्या काळातही फेब्रुवारी २०२५ मध्ये, नोव्हेंबर २०२४ मध्ये अधिकारावर आलेल्या ड्यूमा बोको यांच्या शासनाने डी बीअर्सबरोबर नवा करार केला. त्यानुसार ओकावांगो कंपनीचा वाटा पहिली पाच वर्षे ३० टक्के व पुढील पाच वर्षे ४० टक्के राहील आणि मुदतवाढ झाल्यास तो ५० टक्के होईल. डेब्स्वानाचे खाणपट्टे २०५४ पर्यंत वाढविण्यात आले. स्थानिक कारखान्यांना कोणता माल व किती द्यावयाचा, हे ठरविण्याची शक्ती त्यामुळे शासनाकडे पूर्वीपेक्षा अधिक आली आहे. ज्वानेंगच्या उघड्या खाणीचे आयुष्य २०३५ नंतर थोड्याच वर्षांचे असल्याने तेथे भूमिगत खाणकामाची तयारी चालू आहे.